एकटीने समरकंद-बुखारा : सांगली-साताऱ्याहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या ऑक्टोबरात मी सांगलीहून एकटीच उझबेकिस्तानला जाऊन आले. वय सत्तेचाळीस, पासपोर्टवरचा पहिलाच शिक्का. आल्यापासून भिशीतल्या मैत्रिणी, कराडच्या आतेबहिणी, साताऱ्यातल्या ओळखीच्यांच्या ओळखीच्या अशा सगळ्याजणी तेच तेच विचारतात. तीच उत्तरं पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवते. आधी निघण्यापूर्वीचं, मग तिथलं, आणि शेवटी अडचणीचं.

१. पहिल्यांदाच परदेशी, तेही एकटीने. मग सगळे जातात तसं युरोप-दुबई सोडून उझबेकिस्तान कशाला?

मला जुनी शहरं बघायची होती, म्हणून दुबई बाद. युरोपचा शेंगेन व्हिसा काढायचा तर बँकेचे उतारे, ३०,००० युरोंचा विमा, बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर चक्कर, आणि एवढं करून नकार आला तर भरलेली फी गेली. उझबेकिस्तानचा व्हिसा घरबसल्या निघतो (प्रश्न ३). तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे आहे. खर्चही झेपणारा.

खरं कारण मात्र वेगळं. समरकंद, बुखारा ही नावं शाळेपासून कानावर आहेत. तैमूर तिथला, बाबर तिथल्याच अंदिजानचा. विजापूरचा गोलघुमट आपल्याकडच्या प्रत्येकाने सहलीत पाहिलेला असतो. त्या घुमटांची थोरली भावंडं बघायची असतील तर तिकडेच जावं लागतं.

२. माझा पासपोर्टच नाही. किती आधी तयारीला लागू?

तीन महिने हातात ठेवा. पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज भरा, जवळच्या केंद्राची वेळ घ्या. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये. पोलीस पडताळणीच्या दिवशी तुम्ही गावात असल्या पाहिजेत, एवढं सांभाळा. जुना पासपोर्ट असेल तर त्याची मुदत बघा. परतीनंतरही सहा महिने शिल्लक असली की कुठेच कुणी हरकत काढत नाही.

३. व्हिसा एजंटाकडून काढू की स्वतः?

स्वतः. उझबेकिस्तान सरकारचं ई-व्हिसाचं संकेतस्थळ आहे, त्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट यूझेड’ असतं. तसं नसेल तर ते संकेतस्थळ दलालाचं समजा. एका प्रवेशाचा, ३० दिवसांपर्यंतचा व्हिसा मी काढला तेव्हा २० डॉलर फी होती. फोटो, पासपोर्टचं पान, राहण्याचा पत्ता एवढंच लागलं. तिसऱ्या कामाच्या दिवशी ईमेल आली. आधी व्हिसा, मग न परतवता येणारं विमानाचं तिकीट, हा क्रम मोडू नका. आलेल्या व्हिसाच्या दोन प्रती छापून एक पर्समध्ये, एक बॅगेत ठेवा.

४. पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. चालेल का?

चालेल. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. पण विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, तिकडची रेल्वे तिकिटं या सगळ्यांवर पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगने हवं. घोटाळा होतो तो आपल्या मधल्या नावामुळे. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावाच्याच रकान्यात असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. अर्ज भरताना पासपोर्ट समोर उघडा ठेवा आणि रकान्याला रकाना जुळवा. पाठांतरावर विसंबू नका.

५. सांगली-साताऱ्याहून विमानापर्यंत कसं जायचं?

मुंबईहून किंवा दिल्लीहून. मुंबईहून थेट विमान तुमच्या तारखेला असेल तर उत्तमच. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी मुंबई. पण ज्या दिवशी पोचायचं त्याच दिवसाचं विमान धरू नका. रस्त्याने जाणार असाल तर खंबाटकी घाट आणि पुण्याची कोंडी धरून निदान पाच तास जास्तीचे मोजा.

दिल्लीहून विमानं जास्त असतात. मिरज-साताऱ्यावरून गोवा एक्स्प्रेस थेट निजामुद्दीनला जाते, मधे दोन रात्री गाडीत. मी तशीच गेले. डब्यात भाकरी, दाण्याची चटणी, भडंग.

एक सावधगिरी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्ली-ताश्कंद मार्गावरच्या काही फेऱ्या रद्दच झाल्या. वळसा घालून तेवढा पल्ला लहान विमानांना जमत नाही. म्हणून तिकीट काढताना ‘फेरी रद्द झाली तर पैसे परत’ ही अट वाचून घ्या.

६. दहा दिवसांत ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा सगळं होईल ना?

होईल, पण करू नका. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि माझं उत्तर ऐकून सगळ्याजणी नाराज होतात. दहा दिवसांत ताश्कंद दोन, समरकंद तीन, बुखारा तीन, उरलेले दोन जाण्यायेण्यात. खिवा बुखाऱ्याहून साधारण साडेचारशे किलोमीटर, सगळा वाळवंटी पट्टा, अख्खा दिवस त्यात जातो.

बरोबर कुणी असलं की दमलेल्या दिवशी तो चार गोष्टी बघतो, आपण मागेमागे जातो. एकटं असताना पत्ता आपणच शोधायचा, पैसे आपणच मोजायचे, जेवायचं कुठे तेही आपणच ठरवायचं. दुपारी तीनला डोकं चालेनासं होतं. त्या वेळी खोलीवर जाऊन झोपता आलं पाहिजे, आणि शहरं कमी असली तरच ते जमतं. बारा-तेरा दिवस असतील तर खिवा जरूर घाला. तिथला जुना कोट, इचान काला, १९९० साली जागतिक वारसा यादीत गेला, उझबेकिस्तानातली ती पहिली जागा. तिथल्या जुम्मा मशिदीत दोनशेहून अधिक कोरीव लाकडी खांब आहेत. मेणवलीचा वाडा आवडणाऱ्याने ते चुकवू नयेत. मी चुकवले.

७. कधी जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जूनअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चाळीस दिवसांचा कडक उन्हाळा असतो, त्याला तिथे ‘चिल्ला’ म्हणतात आणि पारा चाळिशीपलीकडे जातो. हिवाळ्यात शून्याखाली. ऑक्टोबरच्या शेवटी मला सकाळी स्वेटर लागला, दुपारी नाही.

८. तिथली ट्रेन खरंच एवढी वेगवान आहे? तिकीट कसं मिळतं?

‘अफ्रासियाब’ ही स्पेनमध्ये बनवलेली गाडी २०११ पासून ताश्कंद-समरकंद धावते, पुढे बुखाऱ्यापर्यंत जाते. ३४४ किलोमीटर सव्वादोन तासांत. तेवढ्या वेळात मिरजेहून निघालेली आपली गाडी साताऱ्यालाही पोचत नाही. साधं तिकीट दोन हजार रुपयांच्या आसपास. जागा फार लवकर भरतात, विक्री सुरू झाली की लगेच काढा. नाही मिळालं तर ‘शर्क’ नावाची हळू गाडी असते, तीही चांगली.

आता माझी फजिती. ताश्कंदला दोन स्थानकं आहेत, उत्तर आणि दक्षिण. टॅक्सीवाल्याला मी नुसतं ‘वोकझाल’ म्हणाले, म्हणजे स्टेशन. त्याने दक्षिणेला नेलं, माझी गाडी उत्तरेची. परत फिरून पोचले तेव्हा अकरा मिनिटं उरली होती, आणि आत जायला पासपोर्ट-तपासणी अन् बॅगेची तपासणी वेगळीच. तिकिटावर ‘शिमोलिय’ म्हणजे उत्तर, ‘जनुबिय’ म्हणजे दक्षिण. टॅक्सीच्या अ‍ॅपमध्ये हेच नाव शोधून टाका. बुखाऱ्याचं स्टेशनही बुखाऱ्यात नाही, डझनभर किलोमीटरवर कागान गावी आहे. रात्री उतरलात तर घाबरू नका, सगळेच तिथून टॅक्सीने जातात.

९. ताश्कंद नवं शहर आहे म्हणतात. तिथे दोन दिवस कशाला?

२६ एप्रिल १९६६ च्या भूकंपात जुनं शहर बरंचसं गेलं, म्हणून ते सोव्हिएत धाटणीचं दिसतं. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत इथे काय झालं ते आठवा. १० जानेवारी १९६६ ला शास्त्रीजी आणि अयुब खान यांनी ताश्कंद करारावर सह्या केल्या आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आणि अर्धपुतळा ताश्कंदला आहे. भारतीय शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते, आपल्या देवराष्ट्र्याचे. मी त्या पुतळ्यापाशी उभी राहिले तेव्हा मला कऱ्हाडचा प्रीतिसंगम आठवत होता, आणि आजूबाजूला हे सांगावं असं कुणीच नव्हतं. एकटीने जाण्यातली उणीव म्हणाल तर तेवढी एक.

मेट्रोत नक्की बसा. १९७७ साली सुरू झाली. २०१८ पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती, आता चालतं. तिकीट पंचवीस रुपयांच्या आत. अंतराळवीरांच्या नावाचं ‘कॉस्मोनाव्हतलार’ स्थानक निळ्या भिंतींचं आहे.

१०. दिल्ली लुटणाऱ्या तैमूरची कबर बघायला जायचं? मनाला पटतं का?

एका निवृत्त गुरुजींनी हे विचारलं आणि प्रश्न रास्त आहे. १३९८ मध्ये तैमूरने दिल्लीत जे केलं ते विसरून गुर-ए-अमीरमध्ये, म्हणजे समरकंदच्या त्याच्या कबरीच्या इमारतीत, शिरता येत नाही, विसरूही नये. तिथे तो राष्ट्रपुरुष आहे, शाळेची पोरं रांगेने येतात. आत सोनेरी घुमट आणि मधोमध गर्द हिरव्या जेड दगडाची भंगलेली शिळा. त्याच छताखाली त्याचा नातू उलुगबेग आहे, तो मला जास्त भावला. राजा असून खगोलशास्त्री. हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी केली, १४४९ मध्ये पोटच्या मुलानेच मारवलं. त्याच्या वेधशाळेचा जमिनीत खोदलेला कमानी भाग १९०८ साली सापडला. तो बघायला शहराबाहेरच्या टेकडीवर जावं लागतं, जाच.

आणि बीबी खानम मशीद. या बांधकामाला तैमूरने हिंदुस्थानातून नेलेले हत्ती आणि पाथरवट लावले होते. त्या पाथरवटांची नावं कुठेच नाहीत. त्या भिंतीपाशी मी समरकंदच्या प्रसिद्ध रेगिस्तान चौकापेक्षा जास्त वेळ बसले.

११. तीन दिवस नुसत्या निळ्या फरशा. सगळं सारखंच वाटायला लागत नाही का?

लागतं, दुसऱ्या दुपारी. त्यावर उपाय म्हणजे तारखांनी बघणं. रेगिस्तान चौकातला उलुगबेगचा मदरसा १४२० चा, समोरचा शेर-दोर त्याच्या दोनशे वर्षांनंतरचा. शेर-दोरच्या कमानीवर वाघासारखे दिसणारे सिंह आहेत, पाठीवर मानवी चेहऱ्याचा सूर्य. इस्लामी परंपरेत टाळतात ती सजीवांची चित्रं मदरशावर, म्हणून लोक आजही त्यावर वाद घालतात. बुखाऱ्यात तर निळा रंग बराच कमी होतो आणि विटा सुरू होतात. कल्यान मिनार ११२७ चा, विटांचा, प्रत्येक पट्ट्याची नक्षी वेगळी. सामानी घराण्याची कबर त्याहून जुनी, दहाव्या शतकातली, एक रंग नाही आणि तरी उन्हाबरोबर दिवसभर बदलते. सकाळी एकदा, मावळतीला एकदा जा.

१२. पैसे कसे न्यायचे?

थोडे रोख डॉलर, थोडं कार्डावर. रुपये तिकडे कामाचे नाहीत. डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत हव्यात, शाईचा ठिपका असला तरी परत करतात. एका डॉलरला बारा-तेरा हजार सोम येतात, त्यामुळे पहिल्या दिवशी आपण लखपती. शून्यं मोजायची सवय होईपर्यंत मोठी नोट देताना थांबा. पाहुणघराची खोली नाश्त्यासह दीड ते तीन हजार रुपयांत मिळते.

कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावा लागतो, तो मूळचा बंद असतो. मी केला होता, तरी माझ्या बँकेने दुसऱ्याच दिवशी कार्ड अडवलं आणि खात्री करायला ओटीपी पाठवला तो घरी ठेवलेल्या सिमवर! तेव्हा भारतातलं सिम फोनमध्येच ठेवा, रोमिंग चालू करा, आणि इंटरनेटसाठी तिकडचं सिम वेगळं घ्या. विमानतळावर पासपोर्ट दाखवून मिळतं. दुसरं कार्ड वेगळ्या बँकेचं असू द्या.

१३. मी शुद्ध शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

उपाशी नाही, पण कंटाळाल. मुख्य पदार्थ पलोव, म्हणजे मटणाचा भात. वरचं मटण काढून ‘शाकाहारी’ म्हणून देतील, कारण भात मटणाच्याच चरबीत शिजलेला असतो हे त्यांना खटकत नाही. ‘गोश्तसिझ’ म्हणजे मांसाशिवाय, हा शब्द पाठ करा. सूप, नूडल्स यांचं पाणीही बहुधा मांसाचं, तेव्हा तेही विचारा. भरवशाचं म्हणजे तंदूरमधली नान, टोमॅटो-कांद्याची ‘अचिचुक’ कोशिंबीर, भोपळा भरलेला समसा, दही, फळं आणि हिरवा चहा. ‘सब्जी’ मागू नका, उझबेक भाषेत सब्जी म्हणजे गाजर. मी मागितली आणि बशीभर गाजरं खाल्ली.

समरकंदच्या सियाब बाजारात बेदाण्याचे ढीग दिसतात. तासगावकडच्या कुणालाही तिथून हलवत नाही. विक्रेता चवीला मूठभर देतो. आमचाच बेदाणा जास्त गोड, असं मी त्याला खुणेने सांगितलं, त्याने हसून अजून मूठभर दिला.

१४. भाषेचं काय? माझं इंग्रजी यथातथाच.

त्यांचंही. पाहुणघरात इंग्रजी चालतं, बाजारात उझबेक किंवा रशियन. पण बाजार, मेहमान, प्याला, आसमान, हमाम, अनार असे शेकडो शब्द थोड्या उच्चारफरकाने तेच आहेत. ‘रहमत’ म्हणजे आभार. ‘हिंदिस्तान’ म्हटलं की म्हातारी माणसं राज कपूरचं नाव घेतात. भाषांतराचं अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालेल असं घरूनच उतरवून न्या.

१५. बाईने एकटीने फिरणं सुरक्षित आहे?

माझा अनुभव चांगला. रात्री दहाला समरकंदच्या रस्त्यावर कुटुंबं, पोरंबाळं फिरत होती. ‘नवरा कुठाय? मुलं किती?’ हे मात्र टॅक्सीवाल्यापासून नान विकणारीपर्यंत सगळे विचारतात. आपल्याकडे एसटीत विचारतात तसंच, त्याचा राग धरू नका. टॅक्सी अ‍ॅपवरूनच बोलवा, रस्त्यावर हात करून नको. मशिदीत जाताना ओढणी आणि पूर्ण बाह्या असू द्या. एखाद्याचं वागणं खटकलं तर सरळ जवळच्या वयस्क बाईशेजारी जाऊन उभं राहा, हे सांगलीत चालतं आणि तिथेही चालतं.

१६. हॉटेलवाले चिठ्ठी देतात ती कशाला?

परदेशी पाहुणा कुठे राहिला याची सरकारकडे नोंद होते. हॉटेल ती आपणहून करतं, चिठ्ठी त्याचा पुरावा. सगळ्या चिठ्ठ्या पासपोर्टच्या कव्हरात ठेवा. रात्र ट्रेनमध्ये गेली तर ते तिकीटही ठेवा. जाताना माझ्याकडे कुणी मागितल्या नाहीत, म्हणून ‘लागतच नाहीत’ असं मात्र सांगणार नाही.

१७. भाचा समरकंदला एमबीबीएसला आहे. त्याच्याच खोलीवर राहिले तर?

आपल्या भागातून बरीच मुलं तिकडे शिकायला असतात, म्हणून हा प्रश्न दर आठवड्याला येतो. खासगी घरी राहिलात तरी प्रश्न १६ मधली नोंद टळत नाही, फक्त ती करण्याची जबाबदारी घरमालकावर येते. भाच्याचा घरमालक ती करायला तयार आहे का हे आधी विचारा. नसेल तर सरळ पाहुणघर घ्या आणि भाच्याला जेवायला बोलवा. वसतिगृहात चोरून राहण्याचा विचारही नको, भुर्दंड त्या पोराला पडतो.

१८. रोजची औषधं नेता येतात का?

बीपी-शुगरची खुशाल न्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. पण झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं यांबाबत तिथले नियम कडक आहेत. शेवटची दोन शक्यतो नेऊच नका. झोपेची गोळी अगदी लागतच असेल तर चिठ्ठीत नाव आणि मात्रा स्पष्ट हवी, नग प्रवासापुरतेच, आणि विमानतळावर आपणहून सांगा. ड्रोनचंही तसंच, परवानगीशिवाय आणायला बंदी आहे. गड-किल्ल्यांवर उडवणाऱ्या भावाने हौसेने दिला तरी घरी ठेवा.

१९. समरकंदहून ताजिकिस्तान जवळ आहे. एका दिवसात जाऊन येऊ?

पंजाकेंत हे जुनं शहर खरंच जवळ आहे. पण ताजिकिस्तानचा व्हिसा वेगळा, आणि तुमचा उझबेक व्हिसा एका प्रवेशाचा असेल तर बाहेर पडल्याक्षणी संपला. परत येता येणार नाही आणि विमान ताश्कंदहून! जायचंच असेल तर मुळात दोन प्रवेशांचा व्हिसा काढा (प्रश्न ३). पहिल्या वारीला माझा सल्ला, नको.

२०. घरचे नाही म्हणतात.

माझेही म्हणत होते. आईला मी तारीखवार कागद करून दिला, कुठल्या रात्री कुठे, तिथला फोन, विम्याचा क्रमांक. रोज रात्री नऊला फोन करेन असं ठरवलं आणि तो एकही दिवस चुकवला नाही. तिसऱ्या दिवसापासून ती फोनवर मालिका बघत बोलायला लागली.

२१. येताना काय आणू? आणि नेताना?

नेताना कंदी पेढे. बुखाऱ्याच्या पाहुणघरातल्या आजींना ते इतके आवडले की शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या पिशवीत दोन नाना कोंबल्या. आणताना सुजनीचं भरतकाम, चिनी मातीच्या बश्या, बेदाणे सोडून सुका मेवा. पन्नास वर्षांपेक्षा जुनी वस्तू प्रमाणपत्राशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून दुकानदार ‘फार जुनं आहे’ म्हणाला तर खूश होऊ नका, पावतीवर ‘नवीन’ लिहून घ्या. बुखाऱ्याच्या लोहारांची करकोच्याच्या आकाराची कात्री मिळते, चोच म्हणजे पाती. ती हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेत टाका. माझी आता स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेली असते, कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा कापायला.